मोहरीचे उत्पादन आणि घडवून आणलेली उत्परिवर्तने: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोहरीच्या बियांचे उत्पादन उत्परिवर्तन पैदाशीने, म्हणजे बियांच्या डीएनएत मुद्दाम बदल (उत्परिवर्तने) घडवून त्यांतून नवे वाण निवडण्याच्या पद्धतीने, वाढवता येते का, या विषयावर आलेल्या पत्रांतून सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात सांगितलेली अडचण या कामाला हात घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते आणि तिचे निदान नीट झाल्याखेरीज पुढच्या उत्तरांचा फारसा उपयोग होणार नाही.

प्रश्न: मी वनस्पती पैदासशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. मोहरीच्या एका वाणाच्या बियांना ९०० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) गॅमा किरणांची मात्रा देऊन मी पहिली पिढी घेतली, सर्व झाडांचे बी एकत्र मळले आणि दुसऱ्या पिढीतील सुमारे तीन हजार झाडांतून सर्वाधिक शेंगांची चाळीस झाडे निवडली. त्यांतील काहींना मूळ वाणाच्या दुप्पट शेंगा होत्या. तिसऱ्या पिढीत मात्र बहुतेक ओळी मूळ वाणाइतक्याच भरल्या आणि काही ओळींत उंची, पाने, फुलोऱ्याचा काळ असे सगळेच विस्कळीत झाले. माझी उत्परिवर्तने नाहीशी झाली, असे समजावे का?

उत्तर: एकदा समयुग्मकी झालेले, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत आलेले, उत्परिवर्तन नाहीसे होत नाही. आपण निवडलेल्या चाळीस झाडांपैकी बहुतेक झाडे मुळात उत्परिवर्ती नव्हतीच, असे आपल्या वर्णनावरून दिसते. ती कोणती असावीत, हे एकेक करून पाहू.

पहिला गट परिस्थितीने वाढवलेल्या झाडांचा. मोहरीचे झाड मोकळी जागा मिळाली की फांद्या फोडते. शेजारची दोन रोपे मेली, झाड ओळीच्या टोकाला आले किंवा खताचा थोडा अधिक वाटा त्याच्या मुळाशी पडला, तर त्याच्या शेंगांची संख्या दुप्पट होणे मुळीच अवघड नसते. गॅमा किरणांच्या प्रयोगात तर उगवण विरळ होतेच, त्यामुळे अशा मोकळ्या जागा जास्त असतात. प्रक्रिया न केलेल्या मूळ वाणाच्या ओळी आपण त्याच शेतात, त्याच अंतरावर, जागोजागी लावल्या असत्या आणि त्यांतील एकेका झाडाच्या शेंगा मोजल्या असत्या, तर एकाच जनुकीय घडणीच्या झाडांमध्येही किती तफावत असते हे आपल्या लक्षात आले असते. त्या तफावतीच्या पलीकडे जाणारे झाडच उत्परिवर्ती असल्याच्या संशयास पात्र ठरते. एकेका झाडावरील बियांचे वजन हे आनुवंशिकतेचे प्रमाण फार कमी असलेले लक्षण आहे, आणि त्यावर दुसऱ्या पिढीत केलेली निवड तिसऱ्या पिढीत विरघळून जाणे हेच अपेक्षित आहे.

दुसरा गट अधिक फसवा आहे, आणि आपल्या विस्कळीत ओळींचे मूळ मला तिथेच दिसते. मोहरी मुख्यतः स्वपरागित असली तरी मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागीभवनही होते, आणि त्याचे प्रमाण परिस्थितीनुसार पाच ते तीस टक्क्यांपर्यंत आढळते. आता पहिल्या पिढीतील झाडांची अवस्था ध्यानात घ्यावी. गॅमा किरणांनी त्यांच्या गुणसूत्रांची मोडतोड झालेली असते, बरेच परागकण वांझ असतात, आणि स्वतःचा पराग अपुरा पडलेल्या फुलावर मधमाशीने आणलेला परका पराग सहज यशस्वी होतो. म्हणजे नेमक्या ज्या पिढीत स्वपरागीभवन काटेकोरपणे व्हायला हवे, त्याच पिढीत परक्या परागाला वाव अधिक मिळतो. अशा परागातून जन्मलेले बी दुसऱ्या पिढीत संकरित झाड म्हणून उगवते, त्याला संकरजोम, म्हणजे संकरातून येणारी जोमदार वाढ, लाभतो, ते उंच, फांद्यांनी भरलेले आणि शेंगांनी लगडलेले दिसते, आणि शेंगा मोजत फिरणाऱ्या संशोधकाचा हात सर्वांत आधी त्याच्यावर पडतो. तिसऱ्या पिढीत त्या संकराचे घटक वेगळे होतात आणि ओळ विस्कटते. खऱ्या एकजनुकी उत्परिवर्तनाची ओळ अशी विस्कटत नाही: ती एका लक्षणात मूळ वाणापासून वेगळी आणि बाकी सर्व लक्षणांत त्याच्यासारखीच असते. मला स्वतःला हे उमजायला दोन हंगाम लागले होते. एका भरघोस झाडाच्या संततीत पानांवर दाट केस असलेली रोपे निघाली, मूळ वाणाची पाने गुळगुळीत होती आणि केसाळ पानांचा वाण तीन वाफे सोडून उभा होता, तेव्हा कुठे खरा प्रकार कळला.

तिसऱ्या गटाचा उल्लेख पुस्तकांत क्वचितच येतो. गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेली झाडे अंशतः वांझ राहतात. दाणे कमी भरल्यामुळे झाडाची शक्ती शिल्लक राहते, ते अधिक काळ फुलत राहते आणि शेंगा जास्त धरते. शेंगा मोजल्या तर ते उत्कृष्ट ठरते, पण शेंग फोडून दाणे मोजले तर अर्ध्या जागा रिकाम्या सापडतात. म्हणून दुसऱ्या पिढीत शेंगांच्या संख्येबरोबर, मुख्य फुलोऱ्याच्या मधल्या भागातील निदान दहा शेंगा फोडून दाण्यांची सरासरी काढावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

पुढच्या वेळी पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडाच्या मुख्य फुलोऱ्यावर फुले उमलण्यापूर्वी पिशवी बांधावी, ती अधूनमधून हलवावी म्हणजे पराग पसरतो, आणि त्या शेंगांचे बी झाडनिहाय वेगळे ठेवावे. सर्व बी एकत्र मळल्यामुळे कोणते झाड कोणत्या आईचे, ही माहितीच आपल्या हातून गेली. झाडनिहाय ओळी लावल्या असत्या, तर एकाच ओळीत काही झाडे वेगळी आणि बाकीची मूळ वाणासारखी असा नमुना दिसला असता, आणि तो नमुना हीच अप्रभावी उत्परिवर्तनाची, म्हणजे दोन्ही प्रती बदलल्यावरच दिसणाऱ्या बदलाची, सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

हाती असलेले बी मात्र टाकू नये. विस्कळीत ओळी बाजूला काढाव्यात. ज्या ओळी एकसारख्या आहेत आणि मूळ वाणापेक्षा एखाद्याच लक्षणात, अगदी थोड्याशा का होईना, वेगळ्या आहेत, त्यांचे बी वाढवून चौथ्या पिढीत मूळ वाणाच्या शेजारी, पुरेशा पुनरावृत्त्यांसह, वाफ्याच्या पूर्ण उत्पादनावर तपासावे. उत्पादनावरचा पहिला विश्वासार्ह निर्णय तिथे होतो, त्याआधी नाही.

प्रश्न: गॅमा किरण चांगले की रसायन? आणि मोहरीसाठी योग्य मात्रा कोणती?

उत्तर: दोन्ही साधनांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात, त्यामुळे त्यांच्यापासून जनुकांचे लहानमोठे तुकडे गळणे, उलटणे किंवा दुसरीकडे जोडले जाणे असे बदल अधिक मिळतात. इथाइल मिथेन सल्फोनेट हे रसायन, ज्याला ईएमएस म्हणतात, प्रामुख्याने ग्वानिन या घटकाला अल्किल गट जोडते आणि त्यामुळे डीएनएतील जी-सी जोडीच्या जागी ए-टी जोडी येते. हा एकेका अक्षराचा बदल असतो. जनुक पूर्ण बंद न पडता त्याचे काम थोडे कमी व्हावे किंवा बदलावे, अशी अपेक्षा असेल तर ईएमएस अधिक उपयोगी पडते. तेलातील मेदाम्लांचे प्रमाण बदलणारी अनेक उत्परिवर्तने याच रसायनाने मिळाली आहेत. रेपसीड या मोहरीच्याच कुळातील तेलबियांच्या पिकात लिनोलेनिक आम्ल कमी असलेली उत्परिवर्ती झाडे जर्मनीतील गटिंगेन येथे ईएमएस वापरून मिळवली गेली आणि त्यांच्यापासूनच पुढे कॅनडात १९८७ मध्ये ‘स्टेलर’ हा वाण आला.

मात्रेबाबत एक वैशिष्ट्य सांगायला हवे. मोहरीवर्गीय पिकांचे बी किरणांना विलक्षण सहनशील असते. भातासाठी साधारण २०० ते ३०० ग्रे वापरतात, तर मोहरीसाठी ७०० ते १२०० ग्रे या पट्ट्यात काम चालते. तरीही छापील आकडा डोळे झाकून घेऊ नये, कारण बियांतील ओलावा, बियांचे वय आणि वाण यांप्रमाणे परिणाम बदलतो. फार कोरडे बी किरणांना अधिक संवेदनशील असते, म्हणून बियांतील ओलावा साधारण १२ ते १४ टक्क्यांवर स्थिर करून मगच मात्रा द्यावी. थोड्या बियांवर चार-पाच मात्रा देऊन रोपांची उंची मोजावी, आणि मूळ वाणाच्या तुलनेत वाढ ३० ते ५० टक्के घटते ती मात्रा धरावी. बियांचे उत्पादन हे उद्दिष्ट असेल तर मी या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे राहतो. मात्रा वाढवली की उत्परिवर्तने वाढतात हे खरे, पण हव्या असलेल्या बदलाबरोबर नको असलेल्या दहा जखमाही त्याच झाडात जमा होतात, आणि त्या वेगळ्या काढण्यासाठी मूळ वाणाशी पुन्हा संकर करण्यात वर्षे जातात.

ईएमएस हे कर्करोगकारक आणि बाष्पनशील द्रव्य आहे. बाष्पशोषक कपाट, योग्य हातमोजे, वापरलेले द्रावण निष्क्रिय करण्याची व्यवस्था आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांच्याशिवाय कोणीही त्याला हात लावू नये.

रासायनिक उत्परिवर्तनाच्या इतिहासात मोहरीचे नाव वेगळ्याच मार्गाने आले आहे. शार्लट आउअरबाख आणि जे. एम. रॉबसन यांनी एडिनबर्ग येथे १९४० च्या दशकाच्या आरंभी ज्या वायूने फळमाशीत उत्परिवर्तने घडवली, त्या युद्धवायूला ‘मस्टर्ड गॅस’ म्हणतात. त्याचा या वनस्पतीशी संबंध केवळ वासातील साधर्म्यापुरता आहे. एका वाचकाने पत्रात दोन्हींची सांगड घातली होती, म्हणून हा खुलासा केला.

प्रश्न: किरण दिलेल्या बियांपासून आलेले तेल किरणोत्सारी असते का?

उत्तर: नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी असते, आणि ती बियांतील अणूंना किरणोत्सारी बनवण्यास पुरत नाही. बी स्रोतापासून दूर काढले की त्याच्यात किरण उरत नाहीत. उरतो तो डीएनएतील बदल. शिवाय बाजारात येणारा वाण किरण दिलेल्या बियांपासून अनेक पिढ्या दूर असतो.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात पाचशे बियांवर प्रयोग करण्याचे ठरत आहे. एवढ्या बियांतून काही हाती लागेल का?

उत्तर: शिकण्यासाठी पाचशे बिया पुरेशा आहेत. वाण शोधण्यासाठी त्या फारच थोड्या आहेत. साधे गणित मांडतो. आपल्याला हवे असलेले लक्षण दुसऱ्या पिढीत दहा हजार झाडांमागे एका झाडात दिसते असे धरले, तर ते निदान एकदा तरी सापडेल याची ९९ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ४६,००० झाडे तपासावी लागतात. दहा हजार झाडे तपासूनही ते न सापडण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. उद्दिष्ट निवडताना, एका नजरेत ओळखता येईल असे लक्षण का निवडावे, याचे कारण त्यात आहे. पिवळा दाणा, लवकर फुलोरा, बुटके झाड किंवा खोडाला चिकटून राहणाऱ्या शेंगा यांसाठी हजारो झाडांमधून चालत जाता येते. बियांचे वजन जोखण्यासाठी हजारो झाडे एकेक करून मळावी लागतात, आणि मळूनही पहिल्या उत्तरात सांगितलेली फसगत टळत नाही.

प्रत्येक ओळीत किती झाडे लावावीत, याचाही हिशेब आहे. पहिल्या पिढीतील झाड संपूर्ण विषमयुग्मकी, म्हणजे सर्व पेशींत जनुकाची एकच प्रत बदललेले, असते, तर त्याच्या संततीत अप्रभावी लक्षण चौथ्या हिश्शात दिसले असते आणि ते ९५ टक्के खात्रीने पाहण्यासाठी ११ झाडे पुरली असती. परंतु बियांतील अंकुरात फुलोरा घडवणाऱ्या पेशी एकापेक्षा अधिक असतात आणि प्रत्येक पेशीतील बदल वेगळा असतो, म्हणून पहिल्या पिढीचे झाड हे ठिगळे जोडलेल्या कापडासारखे असते. अशा दोन पेशींपासून फुलोरा बनला असे धरले तर प्रमाण आठव्या हिश्शावर येते आणि २३ झाडे लागतात. म्हणून एका ओळीत वीस ते पंचवीस झाडे हा व्यवहार्य आकडा आहे, आणि जागा मर्यादित असेल तर ओळी लांब करण्यापेक्षा ओळींची संख्या वाढवावी.

मोहरीत याहून खोल अडचण आहे ती दुहेरी जनुकांची. मोहरी ही दोन वनस्पतींच्या नैसर्गिक संकरातून घडली आहे: २० गुणसूत्रांची ब्रॅसिका रापा आणि १६ गुणसूत्रांची ब्रॅसिका नायग्रा यांच्या जोडणीतून ३६ गुणसूत्रांची ब्रॅसिका जुन्सिया. हे नाते नागाहारु ऊ यांनी १९३५ मध्ये त्रिकोणाच्या रूपात मांडले. त्यामुळे बहुतेक जनुकांची जोडीदार प्रत दुसऱ्या मूळ वनस्पतीकडून आलेल्या गुणसूत्रसंचात हजर असते आणि एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. मोहरीचे बी एवढे किरण सोसते त्याचे एक कारण हेच, आणि दृश्य उत्परिवर्तने कमी मिळतात त्याचेही कारण हेच. दाण्याच्या सालीचा रंग हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. तपकिरी रंगासाठी दोन जनुकांपैकी एक जरी शाबूत असले तरी दाणा तपकिरी राहतो, म्हणून तपकिरी आणि पिवळ्या दाण्याच्या वाणांच्या संकरात दुसऱ्या पिढीत १५ तपकिरी झाडांमागे एक पिवळे असे प्रमाण मिळते. दोन्ही प्रती एकाच झाडात एकाच वेळी बिघडतील, याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. आता डीएनए तपासून प्रत्येक संचातील बिघडलेली प्रत वेगवेगळ्या झाडांत शोधता येते, या पद्धतीला टिलिंग म्हणतात, आणि मग त्या झाडांचा संकर करून दोन्ही बदल एकत्र आणता येतात. झाडाकडे पाहून जे कळत नाही ते यात बियांच्या किंवा पानाच्या नमुन्यावरून कळते, आणि माझ्या मते मोहरीतील उत्परिवर्तन पैदाशीचे भवितव्य याच वाटेवर आहे.

प्रश्न: या पद्धतीने खरोखर उत्पादन वाढलेले वाण आहेत का, की हे सारे प्रयोगशाळेपुरतेच आहे?

उत्तर: आहेत. पण ते कसे मिळाले हे समजून घेणे आवश्यक आहे. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीत आणि लुईस स्टॅडलर यांनी १९२८ मध्ये सातूत क्ष-किरणांनी उत्परिवर्तने घडतात हे दाखवले. पुढे मुलर यांना १९४६ चे नोबेल मिळाले, पण स्टॅडलर स्वतः या मार्गाने पिके सुधारतील याविषयी साशंक होते. त्यांची शंका अनाठायी नव्हती, कारण मिळणारे बहुतेक बदल हानिकारकच असतात. स्वीडनमधील संशोधकांनी चिकाटी सोडली नाही, आणि १९५० मध्ये क्ष-किरणांतून मिळालेला पांढऱ्या मोहरीचा ‘प्रायमेक्स’ हा वाण तिथे आला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त नोंदवहीत आज सर्व पिकांचे मिळून ३,४०० हून अधिक उत्परिवर्ती वाण आहेत. मोहरीत लुधियाना येथील आरएलएम-५१४ व आरएलएम-६१९ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील कामातून आलेले टीएम-२, टीएम-४ व टीपीएम-१ हे वाण उत्परिवर्तन पैदाशीतून आले.

या वाणांच्या वैशिष्ट्यांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. टीएम-४ चे दाणे पिवळे आहेत आणि टीपीएम-१ भुरी रोगाला सहनशील आहे. म्हणजे पैदासकाराच्या हाती आधी आला तो एक ठळक बदल, आणि वाढीव उत्पादन त्याच्या मागोमाग आले. ‘उत्पादन’ नावाचे जनुक अस्तित्वात नाही. एका क्षेत्रातील झाडे, झाडावरील शेंगा, शेंगेतील दाणे आणि हजार दाण्यांचे वजन यांचा तो गुणाकार आहे, आणि त्यातला एक घटक वाढवला की दुसरा बहुधा कमी होतो: शेंगा वाढल्या तर दाणा बारीक पडतो, दाणा टपोरा केला तर शेंगेतील संख्या घटते. झाडाच्या पानांत आणि शेंगांच्या हिरव्या सालीत तयार होणारे अन्न तेवढेच राहिले तर वाटणी बदलते, एकूण बेरीज बदलत नाही.

म्हणून मी प्रत्येक पैदासकाराला एकच प्रश्न विचारतो: आपला वाण आज ज्या उत्पादनाला मुकतो, तो कोणत्या एका दोषामुळे? तो दोष उत्परिवर्तनाने काढता येण्याजोगा असेल तर ही पद्धत अत्यंत प्रभावी आहे, कारण संकरात निम्मा वाण बदलतो तर उत्परिवर्तनात बाकी सगळे जागच्या जागी राहून एखादीच गोष्ट बदलते. वाण उशिरा पक्व होत असल्यामुळे दाणे भरण्याच्या काळात उष्णतेत सापडत असेल, तर आठ-दहा दिवस लवकर फुलणारे उत्परिवर्ती झाड शोधावे. खोड उंच आणि कमकुवत असल्यामुळे पीक लोळत असेल, तर बुटकेपणा शोधावा. शेंगा पक्व होताच तडकून दाणे मातीत जात असतील, तर शेंगेचा जोड घट्ट ठेवणारा बदल शोधावा. रेपसीडमध्ये शेंगेच्या जोडावर काम करणाऱ्या एका जनुकाच्या ईएमएसने बदललेल्या प्रतींतून असा गुण मिळाला आहे, आणि तिथे दोन्ही संचांतील प्रती बदलाव्या लागल्या. झाडावर आधीच तयार झालेले दाणे घरी आणणे हीदेखील उत्पादनवाढच आहे, आणि ती मिळवणे बऱ्याचदा अधिक सोपे असते.

शेंगेतील दाण्यांची संख्या वाढवण्याबाबत मात्र मला खास उत्सुकता आहे. मोहरीच्या शेंगेत सहसा दोन कप्पे असतात, पण पिवळ्या सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या एका जवळच्या नातलग पिकाच्या, काही वाणांत तीन-चार कप्प्यांच्या शेंगा आढळतात. वाढणाऱ्या टोकाचा आकार मर्यादित ठेवणाऱ्या एका जनुकातील नैसर्गिक बदलामुळे हे घडते. जनुकसंपादनाने रेपसीडमध्येही त्याच जनुकात बदल करून अधिक कप्प्यांच्या आणि अधिक दाण्यांच्या शेंगा मिळवल्या गेल्या आहेत. असा बदल स्वीकारताना वाढलेल्या दाण्यांना पुरेल एवढे अन्न झाड तयार करते का, हे पाहावे लागते. ते करत नसेल तर पोकळ दाण्यांची भरघोस शेंग हाती येते.

प्रश्न: उत्परिवर्ती मोहरी आणि जीएम मोहरी एकच का?

उत्तर: एक नाहीत. जीएम, म्हणजे जनुकीय फेरफार केलेल्या, मोहरीत बाहेरचे ठरावीक जनुक घातलेले असते, उदाहरणार्थ डीएमएच-११ या संकरात पुंवंध्यत्व (पराग वांझ असणे) आणि त्याची दुरुस्ती यांसाठी एका मृदा-जिवाणूतील बार्नेज आणि बारस्टार ही जनुके आहेत. उत्परिवर्तनात बाहेरचे काही येत नाही, मोहरीच्याच डीएनएत निसर्गात सावकाश घडणारे बदल अधिक वेगाने घडवले जातात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये उत्परिवर्तनाने मिळालेले सजीव तत्त्वतः जनुकीय फेरफार केलेल्यांच्या व्याख्येत बसतात असे म्हटले, पण दीर्घकाळ वापरात असलेल्या किरण आणि रसायनांच्या जुन्या पद्धतींना नियमांतून असलेली सूट कायम ठेवली. यावरून एकाला आपोआप सुरक्षित आणि दुसऱ्याला आपोआप धोकादायक ठरवणे मला योग्य वाटत नाही. वाण कोणत्याही वाटेने आलेला असो, त्याचे तेल आणि त्याची पेंड तपासली गेलीच पाहिजे.

प्रश्न: मी शेतकरी आहे. माझ्या मोहरीच्या पिकात एकच झाड इतरांपेक्षा पंधरा दिवस आधी फुलले आहे आणि त्याच्या शेंगा चांगल्या भरत आहेत. हे नैसर्गिक उत्परिवर्तन असू शकेल का? मी काय करावे?

उत्तर: असू शकेल. ते परक्या बियांची भेसळ किंवा मागच्या हंगामातला संकर असण्याची शक्यता मात्र अधिक आहे. कोणते हे आज सांगता येणार नाही, पण पुढच्या दोन हंगामांत आपल्याला स्वतःलाच कळेल. आज ज्या फांद्यांवर कळ्या शिल्लक आहेत त्यांपैकी दोन-तीन फांद्यांची उमललेली फुले आणि धरलेल्या शेंगा खुडून टाकाव्यात, उरलेल्या कळ्यांवर पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी सैलसर बांधावी आणि फुले संपली की ती काढावी, म्हणजे शेंगा नीट वाढतील. त्या फांद्यांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. झाडाची उंची, पानांचा आकार, पानांवरील केस, दाण्याचा रंग हे सारे शेजारच्या पाच साध्या झाडांसह वहीत लिहून ठेवावे, कारण आठवणीवर विसंबून केलेली तुलना पुढच्या वर्षी कामाला येत नाही. पक्व झाल्यावर दोरा बांधलेल्या फांद्यांचे बी वेगळे आणि त्याच झाडाच्या उघड्या फांद्यांचे बी वेगळे मळावे.

पुढच्या हंगामात पिशवीतील बियांची एक ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपल्या नेहमीच्या बियांची एकेक ओळ, एकाच दिवशी, सारख्या अंतरावर पेरावी. मधली ओळ पूर्णच्या पूर्ण लवकर फुलली, उंची, पाने आणि दाणा या बाबतींत मात्र दोन्ही बाजूंच्या ओळींसारखीच राहिली, तर आपल्या हाती बहुधा खरे उत्परिवर्तन आहे. ओळ एकसारखी लवकर फुलली, पण पाने किंवा दाण्याचा रंगही वेगळा निघाला, तर ती दुसऱ्या वाणाची भेसळ समजावी. ओळीत काही झाडे लवकर, काही उशिरा, काही उंच, काही बुटकी अशी सरमिसळ झाली, तर ते संकरित झाड होते. पहिल्या दोन्ही प्रकारांत ते बी जपण्यासारखे आहे. ते जवळच्या कृषी संशोधन केंद्रातील तेलबिया पैदासकाराकडे आपल्या वहीतील नोंदींसह न्यावे, पण सगळे बी देऊन टाकू नये. निम्मे बी कोरड्या, हवाबंद बरणीत आपल्याकडेच ठेवावे.